रोटरी इंजिन, फ्युएल इंजेक्शन आणि वऱ्हाडची हवा

थंडीच्या लाटेत डिसेंबरमधील पहाटे अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यातील दुपारी तोच पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. अकोल्याजवळच्या शिवणी विमानतळावर तर उन्हाळा याहूनही कडक असतो. धावपट्टी तीच, समुद्रसपाटीपासूनची उंची तीच. हवेचा दाबही दोन्ही वेळी सारखाच धरला, तरी हवेचे वजन मात्र सारखे राहत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवरच्या बेलोऱ्यात त्या पहाटे एक घनमीटर हवा सुमारे १.२० किलो भरते, मेच्या दुपारी ती १.०७ किलोच भरते. इंजिनाच्या दृष्टीने मेमधील बेलोरा हे प्रमाण वातावरणातील सुमारे १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे १,११८ मीटर उंचीच्या चिखलदऱ्याच्याही वर जाऊन बसते.

मोटारगाडीत हा फरक फारसा जाणवत नाही. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या छोट्या विमानात मोटारीचे रोटरी इंजिन बसवून त्याला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन जोडावयाचे असेल, तर मात्र साऱ्या जुळणीचा पाया हा फरकच असतो. अमेरिकेत व युरोपात हौशी विमानबांधणी करणाऱ्यांपैकी काहींनी हा मार्ग अनेक वर्षे चोखाळला आहे. त्यांचे ठोकताळे वऱ्हाडच्या हवेत जसेच्या तसे लागू पडतात काय, याचा हा परामर्श.

रोटरी इंजिन म्हणजे काय?

'रोटरी' हा शब्द विमानविद्येत दोन अर्थांनी येतो. पहिल्या महायुद्धातील 'नोम'सारख्या इंजिनांत पंख्याबरोबर सगळे सिलिंडरच फिरत असत. त्यांनाही रोटरी म्हणत. येथे अभिप्रेत आहे ते जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन. एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. पुढे जपानच्या माझदा कंपनीने ते नेटाने विकसित केले. १९६७ ची 'कॉस्मो स्पोर्ट', १९७८ पासूनची 'आरएक्स-७' आणि २०१२ पर्यंत तयार होणारी 'आरएक्स-८' ही त्याची प्रसिद्ध रूपे होत.

या इंजिनात पिस्टन नाही, झडपा नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर अंडाकृती पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर खेचणे, दाबणे, जाळणे व बाहेर टाकणे या क्रिया एकामागून एक घडत राहतात. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीनदा फिरतो. त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा घेतो. हौशी विमानांत सर्वाधिक वापरल्या गेलेल्या माझदा '१३ बी' इंजिनात दोन रोटर असून प्रत्येक कक्ष ६५४ घनसेंटिमीटरचा, म्हणजे एकूण १,३०८ घनसेंटिमीटर असतो. चार स्ट्रोकचे पिस्टन इंजिन दोन फेऱ्यांत जेवढी हवा घेते तेवढी हे एका फेऱ्यात घेते. त्यामुळे लहानशा आकारात ते मोठ्या इंजिनाचे काम करते.

हलणारे भाग थोडे, कंपने कमी आणि वजनाच्या मानाने शक्ती अधिक, हे त्याचे गुण. इंधनाची भूक मोठी, बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त आणि रोटरच्या तीन टोकांवरील 'एपेक्स सील' नाजूक, हे त्याचे दोष. शिवाय शाफ्ट मिनिटाला सहा हजार फेरे घेतो, तर पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने फिरावा लागतो. म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स अटळ ठरतो.

महाराष्ट्राशी नाते

हे तंत्र महाराष्ट्राला अगदीच परके नाही. 'निशांत' या मानवरहित टेहळणी विमानासाठी देशातील पहिले ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन तयार झाले, त्यात अहिल्यानगरच्या (तेव्हाचे अहमदनगर) वाहन संशोधन व विकास संस्थेचा, म्हणजे 'व्हीआरडीई'चा, मोठा वाटा होता. इंजिनाचा मूळ गाभा बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडवला. इंधन व प्रज्वलन यंत्रणा 'व्हीआरडीई'ने सिद्ध केली. २००९ मध्ये कोलारजवळच्या जुन्या धावपट्टीवरून त्या इंजिनासह 'निशांत'चे उड्डाण झाले. गाभा एका संस्थेने आणि इंधनव्यवस्था दुसऱ्या संस्थेने हाती घ्यावी, यावरूनच इंधनव्यवस्था हे स्वतंत्र व अवघड काम आहे हे दिसून येते.

घरी विमान बांधण्याचे राज्यातील ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांसमोर आले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली. बांधणीइतकाच काळ कागदोपत्री सिद्धतेला लागू शकतो, हा त्यातील धडा.

कार्बुरेटर की इंजेक्शन?

कार्बुरेटर साधा असतो. हवेच्या ओढीने इंधन आत येते. विजेची गरज नसते. परंतु हवा विरळ झाली की तो इंधन त्या प्रमाणात कमी करीत नाही आणि मिश्रण गडद होते. वैमानिकाला हाताने ते फिके करावे लागते. दमट हवेत त्याच्या घशात बर्फ धरण्याचा धोकाही असतो.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये एक छोटा संगणक दाब, तापमान व फेरे यांवरून आत आलेल्या हवेचे वजन काढतो आणि तेवढ्यापुरतेच इंजेक्टर उघडतो. रोटरी इंजिनात एक सोयही आहे. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर हवा घेत असल्याने कोणता स्ट्रोक चालू आहे हे ओळखण्यासाठी वेगळा कॅमशाफ्ट सेन्सर लागत नाही. शाफ्टवरील एक सेन्सर पुरतो. सोय अशी असली तरी बदल्यात सारे इंजिन सेन्सर आणि वीज यांच्यावर अवलंबून राहते, हे विसरता येत नाही.

हवेचा हिशेब

पूर्ण थ्रॉटल, मिनिटाला सहा हजार फेरे आणि कक्ष नव्वद टक्के भरतो, असे धरू. मेच्या दुपारी बेलोऱ्यात एका कक्षात ०.६३ ग्रॅम हवा येते. पूर्ण शक्तीसाठी साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण घेतले तर प्रत्येक वेळी सुमारे ५० मिलिग्रॅम पेट्रोल हवे. डिसेंबरच्या त्या पहाटे त्याच कक्षात ०.७० ग्रॅम हवा येते आणि पेट्रोल ५६ मिलिग्रॅम लागते. फरक बारा टक्क्यांचा आहे.

डिसेंबरमध्ये जुळवलेला तक्ता तापमानाची दुरुस्ती न करता मेमध्ये वापरला तर मिश्रण गडद होईल, प्लग काजळतील आणि विरळ हवेने आधीच घटलेली शक्ती आणखी घटेल. उलट प्रकार याहून वाईट. मेमध्ये जुळवलेले इंजिन डिसेंबरमध्ये पूर्ण शक्तीवर फिके चालेल. फिक्या मिश्रणाची उष्णता व ठोका पिस्टन इंजिन काही काळ सोसू शकते. रोटरीत मात्र एपेक्स सील तडकण्याची भीती असते. सील गेले की त्या रोटरचे कॉम्प्रेशन गेले आणि निम्मी शक्ती गेली. हे बहुधा पूर्ण शक्तीवर, म्हणजे उड्डाण घेताना, समोरची धावपट्टी संपत आली असतानाच घडते.

इंजेक्टरची निवड थंडीसाठी

सहा हजार फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा दहा मिलिसेकंदांत पुरा होतो. मिनिटाला ४६० घनसेंटिमीटर क्षमतेचा इंजेक्टर एका मिलिसेकंदात सुमारे ५.७ मिलिग्रॅम पेट्रोल सोडतो. मेच्या हिशेबाचे ५० मिलिग्रॅम एकट्याने द्यावयाचे तर त्याला जवळपास नऊ मिलिसेकंद लागतील. उघडण्यास लागणारा एक मिलिसेकंद धरला तर त्याला मिटण्यास वेळच उरत नाही. प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर दिले की प्रत्येकाचे काम साडेपाच मिलिसेकंदांत संपते.

विमानात मात्र प्रश्न येथे संपत नाही. दोन संचांपैकी एक बंद पडला तर उरलेल्या संचावर घरी परतता आले पाहिजे. पाच हजार फेऱ्यांवर उतरल्यास फेऱ्याला बारा मिलिसेकंद मिळतात. मेमध्ये एकटा इंजेक्टर त्यांपैकी ८२ टक्के वेळ उघडा राहील. हे चालण्याजोगे आहे. डिसेंबरमध्ये तो ९१ टक्क्यांवर जाईल, म्हणजे व्यवहारात मानल्या जाणाऱ्या ८५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. म्हणून इंजेक्टरची क्षमता ठरवावयाची ती वऱ्हाडच्या सर्वांत थंड पहाटेसाठी. उन्हाळ्यात तपासून 'पुरेसे आहे' म्हणणे ही फसगत ठरते.

इथेनॉलची भर

विमानांसाठीचे १०० एलएल पेट्रोल देशातच बनविण्याची सुरुवात इंडियन ऑइलने २०२२ मध्ये केली. तरी ते प्रत्येक गावी मिळत नाही. रोटरी इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर सुखाने चालते, हे त्याचे एक आकर्षण. परंतु २०२५ पर्यंत देशात वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र रूढ झाले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग. म्हणजे त्याच हवेला नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते.

आता दोन्ही चुका एकत्र मांडून पाहावे. शुद्ध पेट्रोलवर, मेमध्ये, तापमानाच्या दुरुस्तीविना जुळवलेले इंजिन डिसेंबरमध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर उडवले, तर पूर्ण शक्तीसाठी लागणारे गडद मिश्रण प्रत्यक्षात पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाहूनही सुमारे चार टक्के फिके होईल. वर सांगितलेला एकटा इंजेक्टरही अशा वेळी पाच हजार फेऱ्यांवर ९८ टक्के उघडा राहील. एकेक चूक लहान, पण दोन्ही एकाच दिशेने ओढतात.

इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकते. म्हणून उड्डाणापूर्वी तळाचे इंधन काढून पाहणे आवश्यक. रबरी नळ्या, ओ-रिंग आणि टाकीचा लेप इथेनॉल सोसणारे असावेत. एपेक्स सीलच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळण्याची पद्धत अनेक जण पाळतात. त्याचे प्रमाण ठरलेले असावे व प्रत्येक भरणीला नोंदवले जावे.

सेन्सर कोठे बसवावा?

दाबाचा सेन्सर उंची आपोआप सांभाळतो. पूर्ण थ्रॉटलला बेलोऱ्यात तो ९७ किलोपास्कल दाखवील, तर तीन हजार मीटरवर सुमारे ७०. संगणक त्या मानाने इंधन कमी करतो. फेरे मंद असताना रोटरीचा आत येणारा झोत अस्थिर असतो. अशा वेळी थ्रॉटल किती उघडले आहे यावर चालणारा तक्ता अधिक विश्वासू ठरतो.

तापमानाचा सेन्सर मात्र जागेवर अवलंबून असतो. मेमध्ये विमान धावपट्टीलगत वीस मिनिटे उभे राहिले की इंजिनावरील आवरणाखालची हवा तापते. तेथे बसवलेल्या सेन्सरने ७० अंश दाखवले आणि आत येणारी हवा प्रत्यक्षात ४५ अंशांची असली, तर संगणक सात टक्के इंधन कमी देईल आणि तेही नेमके उड्डाणाच्या क्षणी. म्हणून हा सेन्सर बाहेरून येणाऱ्या हवेच्या मार्गात, धातूच्या तापत्या भिंतीपासून अलग बसवावा.

बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायू मोजणारा वाइडबँड सेन्सर जुळणीसाठी अनमोल आहे. परंतु १०० एलएलमधील शिसे त्याला लवकर निकामी करते आणि निकामी सेन्सर खोटे आकडे दाखवतो. म्हणून उड्डाणात तो वैमानिकाला माहिती देणारे उपकरण असावा. इंधन कमीजास्त करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसावा.

पंप आणि नळ्या उन्हासाठी

इंजेक्टरची निवड थंडीसाठी, तर इंधनमार्गाची मांडणी उन्हासाठी. तापलेल्या पेट्रोलची नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढू लागतो आणि इंजिन गप्प होते. पंपाने ढकललेले इंधन दाबाखाली असते, ओढलेले नसते. म्हणून पंप टाकीच्या पातळीखाली व टाकीच्या शक्य तितक्या जवळ असावा. पंप दोन, प्रत्येकाची तार व फ्यूज स्वतंत्र. पंपाआधी जाड गाळणी, नंतर बारीक गाळणी. पुढे इंजेक्टरची रेल, सुमारे तीन बार दाब राखणारा रेग्युलेटर आणि तेथून टाकीकडे परतणारी नळी. इंधन सतत फिरते राहिले की रेलमध्ये तापून थांबत नाही. मात्र ज्या टाकीतून इंधन घेतले त्याच टाकीत ते परतावे, अन्यथा एक टाकी रिकामी आणि दुसरी ओसंडणारी अशी अवस्था होते. रोटरीचा एक्झॉस्ट नऊशे अंशांच्याही वर जातो; इंधनाच्या नळ्या त्यापासून दूर आणि अग्निरोधक वेष्टनात असाव्यात.

वीज गेली तर?

मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या विमान-इंजिनाला बॅटरीची पर्वा नसते. येथे वीज गेली की पंप, इंजेक्टर, ठिणगी आणि संगणक सारेच थांबतात. ही सर्व यंत्रणा १५ अँपिअर ओढते असे धरले, तर २० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८० मिनिटे पुरते. जुनेपणा व उष्णता लक्षात घेऊन तिच्यावर निम्माच भरवसा ठेवावा. बेलोरा ते शिवणी हे हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे ताशी दोनशेच्या वेगाने वीस-बावीस मिनिटांचे. चाळीस मिनिटांत पोहोचता येते, मात्र अल्टरनेटर बंद पडल्याचे वैमानिकाला ताबडतोब कळले पाहिजे. त्यासाठी डोळ्यासमोर व्होल्टमीटर आणि इशाऱ्याचा दिवा हवा. शिवाय दुसरी बॅटरी व स्वतंत्र तारांवरील दुसरा संगणकही हवा. मधल्या प्रदेशात कापूस-सोयाबीनची काळी शेते आहेत. पावसाळ्यात त्या चिखलात चाके रुतली की विमान उलटते. 'खाली शेत आहेच' हा दिलासा वऱ्हाडात वर्षातील काही महिनेच खरा असतो.

जमिनीवरची परीक्षा

विमान भक्कम बांधून, पंख्याच्या रेषेत कोणीही उभे नाही याची खात्री करून इंजिन चालवावे. मंद गतीपासून पाचशे फेऱ्यांच्या टप्प्याने वर जावे. प्रत्येक टप्प्यावर मिश्रण, पाण्याचे व तेलाचे तापमान, इंधनदाब आणि हवेचे तापमान टिपावे. सुरुवात गडद बाजूने करावी आणि हळूहळू फिके करीत जावे. उलट कधीही नाही. हीच परीक्षा पहाटे व दुपारी, शक्य तर थंडीत आणि उन्हाळ्यातही घ्यावी. दोन्ही वेळी मिश्रण सारखे आले तरच तापमानाची दुरुस्ती बरोबर आहे असे मानावे.

यानंतर एकेक गोष्ट मुद्दाम बंद करून पाहावी: एक पंप, एक संगणक, इंजेक्टरचा एक संच, अल्टरनेटर. प्रत्येक वेळी इंजिन चालू राहते काय आणि किती शक्ती देते, हे लिहून ठेवावे. शेवटची परीक्षा सर्वांत वऱ्हाडी म्हणता येईल. मेच्या दुपारी इंजिन पूर्ण तापवावे, बंद करावे, वीस मिनिटे उन्हात ठेवावे, पुन्हा सुरू करून लगेच पूर्ण शक्तीवर न्यावे. अडखळले तर दोष जमिनीवरच सापडला, ही इष्टापत्तीच समजावी.

परवानगी आणि परिस्थिती

देशात नागरी विमानांचा कारभार १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ खाली चालतो. घरी बांधलेल्या विमानालाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडील नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. इंजिन मोटारीचे असेल, तर त्याची प्रत्येक जोडणी लेखी समर्थनासह दाखवावी लागेल, हे गृहीत धरूनच कामास लागावे. वर सांगितलेल्या नोंदवहीचा उपयोग येथेही होतो.

एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. शिवणीच्या धावपट्टीची लांबी वाढविण्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. मोठ्या विमानांसाठी धावपट्टीची लांबी मोजतात. छोट्या विमानाच्या बांधणाऱ्याने त्याबरोबर हवेचे वजनही मोजावे. पहाटे व दुपारी घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, तोपर्यंत ते विमान जमिनीवर बांधलेलेच राहिले पाहिजे.